मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं मागे, वांद्र्याची तारीख १० दिवस पुढे : वेळेच्या भानगडी

तासगावकर (धागाकर्ता)

१९०५ सालापर्यंत मुंबईत दुपारचे बारा वाजायचे तेव्हा मद्रासेत साडेबारा झालेले असायचे आणि कलकत्त्यात एक वाजून गेलेला असायचा. तरी कुणाचंच घड्याळ चुकत नव्हतं. सूर्य डोक्यावर आला की बारा, एवढा सरळ हिशोब. पूर्वेच्या गावात तो आधी येतो, पश्चिमेच्या गावात नंतर. बैलगाडीच्या जमान्यात याने कुणाचं काही अडलं नाही.

आगगाडी आली आणि पंचाईत झाली. रेल्वे आणि तारखात्याने मद्रासची वेळ धरली, कारण तिथे १७९२ पासून वेधशाळा होती आणि मद्रास मुंबई-कलकत्त्याच्या मधे कुठेतरी पडायचं. म्हणजे मुंबईत स्टेशनातलं घड्याळ एक सांगणार आणि बाहेर रस्त्यावरचं अर्धा तास मागे असणार.

१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (हो, पुण्याच्या कॉलेजवाले फर्ग्युसनच) फर्मान काढलं की मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांनी मद्रासची वेळ पाळावी. शहर खवळलं. आमच्या बंदरात मद्रासचा सूर्य कशाला? राजाबाई टॉवर तेव्हा नुकताच, १८७८ मध्ये पुरा झाला होता. विद्यापीठाने त्याचं घड्याळ मुंबईच्या वेळेवरच ठेवायचं ठरवलं, तेव्हा सरकारने त्या घड्याळाच्या दिव्याचा खर्च द्यायला नकार दिला! शेवटी १८८३ मध्ये सरकारलाच माघार घ्यावी लागली.

दुसरा अंक १ जानेवारी १९०६ ला. त्या दिवसापासून सगळ्या देशाला एकच वेळ: साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त, मिर्झापूरजवळून जाणारं, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईकराला घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायचं होतं. आज वाटतं, त्यात काय एवढं? पण गिरणीतला कामगार सूर्यावर उठायचा. भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार म्हणजे त्याची तेवढी झोप गेली. जानेवारीत कामगारांनी माग बंद ठेवले, गिरणीवर दगड पडले. शहरात निषेधाच्या अर्जांवर पंधरा हजारांहून जास्त सह्या झाल्या. बंगालची फाळणी ताजी होती, स्वदेशीचं वारं होतं, त्यामुळे 'सरकारी वेळ' हीसुद्धा परकी ठरली. नगरपालिकेने आधी नवी वेळ मान्य केली आणि काही महिन्यांतच ठराव फिरवला. क्रॉफर्ड मार्केटच्या घड्याळावर पुन्हा मुंबईची वेळ आली.

मग कितीतरी वर्षं एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली वेळ सोडली. मुंबईची वेळ त्यानंतरही काही वर्षं रेंगाळली.

तर धागा यासाठी. घड्याळ, वार, तारीख, पंचांग यातल्या अशा गोष्टी टाका, ज्या ऐकून 'काय सांगता!' म्हणावंसं वाटेल. अट एकच, ढकलपत्रांतलं ज्ञान नको. ग्रहताऱ्यांवर नासा चकित झाल्याचे किस्से तर नकोच नको.

---

शनिवारपेठी

म्हणजे मुंबईकरांना 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून पाऊण तास लावायची सवय ऐतिहासिक आहे तर. माफ केलं.

जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.' (स्टँडर्ड टाइम) छापलेलं असायचं, ते कशाला असा प्रश्न लहानपणापासून होता. आज उलगडला. ते छापलं नाही तर निम्मी वऱ्हाडी मंडळी अक्षता संपल्यावर पोचणार.

---

लंबक

मस्त धागा. तासगावकर, तुमच्या ३९ मिनिटांत थोडी भर घालतो.

ती ३९ मिनिटं कुठेही गेलेली नाहीत. आजही मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी. 'सरासरी' मुद्दाम म्हटलं, कारण रोज तो त्याच वेळी येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या सुमारास येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ ला. पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आहे आणि आस कललेली आहे, या दोन्हींचा मिळून हा अर्ध्या तासाचा खेळ होतो.

यातून निघणारी एक गोष्ट कुणालाही घरच्या गच्चीवरून ताडून पाहता येईल. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. पण सगळ्यात लवकर सूर्यास्त त्या दिवशी होत नाही! मुंबईत तो नोव्हेंबरच्या अखेरीसच होऊन जातो. डिसेंबरच्या मध्याला संध्याकाळ पुन्हा लांबायला लागलेली असते. आणि सगळ्यात उशिरा सूर्योदय होतो जानेवारीच्या मध्यानंतर. शाळकरी पोरांना जानेवारीत उठवताना जास्त त्रास होतो तो उगीच नाही.

दुसरी गोष्ट थंडीवरूनच. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ते १५.२ कोटी होतं. उन्हाळा-हिवाळा अंतरावर ठरत नाही, आसाच्या कलावर ठरतो.

---

भोचक

लंबकशेठ, पृथ्वी जानेवारीत जवळ असते तर ती तेव्हा पळत पण जोरात असणार ना? केप्लर वगैरे?

---

लंबक

बरोबर पकडलंत. म्हणून तर वसंत संपातापासून शरद संपातापर्यंतचा (मार्च आणि सप्टेंबरातले दिवस-रात्र सारखे असण्याचे दिवस, त्यांच्या मधला) काळ उरलेल्या सहामाहीपेक्षा सुमारे आठवडाभर मोठा आहे. आपलं भारतीय राष्ट्रीय कॅलेंडर बघा (सरकारी राजपत्रावर असतं, बाकी कुणी बघत नाही). त्यात वैशाख ते भाद्रपद हे पाचही महिने सरळ ३१ दिवसांचे आहेत आणि आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे ३० चे. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने ते आखलं, २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी लागू झालं. इंग्रजी महिन्यांसारखं 'मुठीवरची हाडं मोजा' प्रकरण त्यात नाही. रचना इतकी नेटकी आणि वापर शून्य!

---

माहीमची खाडी

शीर्षकात वांद्र्याचं नाव घेऊन धागाकर्ते पसार झालेत, तर ते मी सांगते.

१५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने कॅलेंडर दुरुस्त केलं. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. मधले १० दिवस रद्द. संत तेरेसा ऑफ आव्हिला नेमक्या त्याच रात्री वारल्या, त्यामुळे त्यांचा मृत्यू ४ आणि १५ ऑक्टोबरच्या 'मधल्या' रात्री झाला असं चरित्रांत लिहावं लागतं.

पोर्तुगाल कॅथलिक, त्यांनी पोपचं लगेच ऐकलं. इंग्लंड प्रोटेस्टंट, पोपचं ऐकून सूर्याशी जमवून घेण्यापेक्षा सूर्याशी भांडलेलं बरं अशी भूमिका. ते थेट १७५२ पर्यंत जुन्या कॅलेंडरावर अडून बसले. शिवाय त्यांचं वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला.

आता मुंबई बेट बघा. पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनच्या लग्नाच्या तहात ते इंग्लंडच्या राजाला मिळालं, हे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्ष ताबा देण्याचा कागद झाला १८ फेब्रुवारी १६६५ ला. ही पोर्तुगिजांची तारीख. ताबा घेणाऱ्या हम्फ्री कुक साहेबांच्या हिशोबाने मात्र तो दिवस होता ८ फेब्रुवारी, आणि मार्च उजाडायचा असल्यामुळे साल १६६४! त्या एका सहीने मुंबई बेट १० दिवस (आणि कागदोपत्री एक वर्ष) मागे गेलं. इतिहासाच्या पुस्तकांत या ताब्याच्या दोन तारखा सापडतात त्या यामुळे.

आणि माहीमपर्यंत इंग्रज, खाडीपलीकडे वांद्रे मात्र साष्टीत, म्हणजे पोर्तुगिजांकडे. सत्तर-बाहत्तर वर्षं हेच चाललं. माहीमहून होडीत बसून वांद्र्याला उतरलात की तारीख १० दिवस पुढे, १७०० नंतर ११ दिवस. माहीममध्ये नाताळ यायचा तेव्हा वांद्र्याच्या चर्चमध्ये जानेवारी सुरू झालेला असायचा. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई, तेव्हा कुठे हा प्रकार संपला. अर्थात तिसरीच कालगणना सुरू होऊन.

---

शनिवारपेठी

हे कमाल आहे. दंडवत.

---

भोचक

मग शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० कुठल्या कॅलेंडरातली? भांडण लावायचा हेतू नाही, खरंच विचारतोय.

---

माहीमची खाडी

जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरातली. मूळ नोंद तिथीची: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. तिचं रूपांतर ज्युलियनमध्ये केलं की १९ फेब्रुवारी १६३०, आणि आजच्या कॅलेंडराच्या हिशोबाने १ मार्च १६३०. वार दोन्हीकडे शुक्रवारच, कारण कॅलेंडर सुधारताना तारखा उडवल्या, वारांना कुणी हात लावला नाही.

राज्याभिषेकाचंही तसंच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. रायगडावर मुंबईच्या इंग्रजांचा वकील (म्हणजे दूत) हेन्री ऑक्झिंडेन हजर होता, त्याच्या कॅलेंडरात ६ जून १६७४. गोव्यातल्या पोर्तुगिजांकडे त्याच दिवशी १६ जून.

तिथी की तारीख हा वाद इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते सगळे कुलूपबंद आहेत. 😀

---

मोडीवाला

तिसऱ्या कालगणनेचा विषय निघालाच आहे तर. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर शकाच्या जोडीने शुहूर सन दिसतो, आणि तो आकड्यात नाही, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. आधी एकक, मग दशक, मग शतक, मग हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. म्हणजे १७६०-६१, पानिपतचं साल.

५९९ की ६००, हे कागद वर्षाच्या कुठल्या भागातला त्यावर ठरतं, कारण शुहूरचं नवं वर्ष मृगाला लागतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. आहे हिजरीतून निघालेला, पण हिजरी चांद्रवर्षासारखा ऋतूंमधून फिरत बसत नाही. पेरणी आणि शेतसारा ज्या सरकारच्या डोक्यात आहे, त्याला सूर्याला धरून चालणारं वर्षच लागणार. देशावरचा ब्राह्मण कारकून, अरबी आकडे, मोडी लिपी आणि मृगाचा पाऊस, सगळं एका ओळीत!

---

रानजाई

आम्ही रत्नागिरीकडचे, आमच्याकडे हा घोळ आजही जिवंत आहे. आमच्या भागात कित्येक घरांत टिळक पंचांग मानतात. बाकीचा महाराष्ट्र १४-१५ जानेवारीला तिळगूळ वाटतो, टिळक पंचांगवाले १० जानेवारीलाच वाटून मोकळे. अधिक महिना वेगळा आला तर गणपतीसुद्धा महिनाभर आधी येतात. एका वाडीत आरत्या चालू आणि शेजारच्या वाडीत अजून मखराची लाकडं तासतायत, असं होतं. सासर-माहेर वेगळ्या पंचांगाचं असेल तर दोनदा मोदक, हा फायदा.

नेमका फरक कशामुळे पडतो ते कुणी जाणकार सांगेल का? घरी विचारलं की 'टिळकांचं बरोबर' एवढंच उत्तर मिळतं.

---

लंबक

रानजाई, राशिचक्राचं शून्य कुठे मानायचं, यावरून आहे ते. आकाशात तसा काही खुंटा ठोकलेला नाही. बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू शून्य धरतात. टिळक पंचांग रेवती नक्षत्रातल्या एका अंधूक ताऱ्यापासून मोजतं. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून संक्रांत ४ दिवस आधी. आणि सूर्य राशीत कधी शिरतो यावर अधिक महिना ठरत असल्यामुळे कधीकधी अख्खा महिनाच इकडचा तिकडे.

संक्रांतीबद्दल अजून एक. ती १४ जानेवारीला चिकटलेली नाही, सरकतेय. पृथ्वीची आस भोवऱ्यासारखी डुलते, त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे. साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे जाते. हल्ली ती बऱ्याचदा १५ ला येते ती त्यामुळेच. खरं उत्तरायण, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस, २१-२२ डिसेंबर. हे दोन्ही एकाच दिवशी पडायचे त्याला सतराशेच्या आसपास वर्षं झाली.

---

शनिवारपेठी

आणि पानिपत. १४ जानेवारी १७६१, मकर संक्रांत. मराठ्यांवर खरोखरीची संक्रांत आली तो दिवस.

---

लंबक

शनिवारपेठी, १४ जानेवारी बरोबर. संक्रांत नव्हती.

---

शनिवारपेठी

काय सांगता!! (धागाकर्त्याच्या अटीनुसार म्हटलं, पण खरंच धक्का बसलाय.) दरवर्षी संक्रांतीला पानिपतच्या आठवणींचे लेख येतात, भाषणं होतात. सगळे चुकीचे?

---

आगाऊ पाहुणा

सगळ्यांना वेड्यात काढायची फॅशन आहे हल्ली. अडीचशे वर्षं लोक सांगतायत ते खोटं आणि एका आयडीचं गणित खरं?

---

लंबक

पाहुणे, लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१ आहे, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. ती कुणी नाकारत नाहीये. पण वरचं सरकणं उलट दिशेने लावून बघा. आज १४-१५ ला येणारी संक्रांत १७६१ मध्ये तीन-चार दिवसांहून जास्त आधी, ९-१० जानेवारीच्या आसपास येऊन गेलेली होती. लढाईच्या दिवशी तिळगूळ शिळा झाला होता.

गणितावर विश्वास नसेल तर मधला एक पुरावा देतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो मकर संक्रांतीचा दिवस होता ही सर्वज्ञात गोष्ट आहे. १८६३ मध्ये संक्रांत १२ ला असेल, तर त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? मागे जाताना ती मागेच जाणार.

लोकांनी खोटं सांगितलं असं नाही. विसाव्या शतकात संक्रांत १४ ला पक्की बसली, शाळेत लढाईची तारीख १४ पाठ केली, आणि दोन्ही आपोआप जोडल्या गेल्या.

---

मोडीवाला

लंबक यांच्याशी सहमत. वाक्प्रचार इतका चपखल बसतो की तारीख तपासायची कुणाला गरजच वाटत नाही.

---

आगाऊ पाहुणा

विवेकानंदांचा मुद्दा पटला. बाकी तुमचा सूर तेवढा पटला नाही.

---

चहाटळ

सध्या मुक्काम जोरहाट, आसाम. भारत पूर्व-पश्चिम साधारण २९ अंश पसरलाय, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने जवळपास दोन तासांचा फरक. इथे जूनमध्ये साडेचारला लख्ख उजाडतं आणि डिसेंबरात साडेचारला दिवे लावावे लागतात. त्यावर चहामळ्यांनी इंग्रजांच्या काळापासून तोडगा काढलाय, 'बागान टाइम'. मळ्यातलं घड्याळ भारतीय वेळेच्या एक तास पुढे. साहेबांचा फोन आला की आधी विचारायचं, 'बागान का?' मळ्याच्या फाटकातून बाहेर पडलं की एक तास परत मिळतो.

शेजारचा नेपाळ आपल्या १५ मिनिटं पुढे असतो हे बऱ्याच जणांना माहीत असेल, पण १९८६ पर्यंत तिथे आपलीच वेळ होती. मग त्यांनी गौरीशंकर शिखरावरून जाणारं रेखावृत्त धरलं. आणि त्याच्याही पलीकडचा चीन आपल्यापेक्षा किती रुंद, पण १९४९ पासून सगळीकडे बीजिंगचीच वेळ. त्यांच्या पश्चिम टोकाला सूर्य माथ्यावर येतो दुपारी तीनच्या सुमारास.

---

तासगावकर

चहाटळ, हे बागानचं माहीतच नव्हतं. मग महायुद्धाचीही आठवण काढायला हवी. १९४२ ते १९४५ आपल्याकडे सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, साडेपाचाचे साडेसहा. जो मुंबईकर तेव्हाही जुनी मुंबईची वेळ पाळत असेल, त्याच्यात आणि सरकारात पावणेदोन तासांच्या जवळपास अंतर पडलं असणार!

---

उप्साला_उपवासी

स्वीडनमधून हजेरी. इथे १७१२ साली ३० फेब्रुवारी होऊन गेलाय. विनोद नाही. स्वीडनने ठरवलं होतं की एकदम १० दिवस उडवण्याऐवजी ४० वर्षं एकही लीप दिवस पाळायचा नाही, म्हणजे हळूहळू जमून येईल. १७०० चा लीप दिवस गाळला, पुढे युद्धात विसरले आणि १७०४, १७०८ पाळून टाकले. आता ते ना नव्या कॅलेंडरात, ना जुन्या. शेवटी वैतागून जुन्यावर परत जायचं म्हणून एक दिवस जादा घातला. त्या दिवशी जन्मलेल्यांचं काय झालं असेल देव जाणे. पुढे १७५३ मध्ये गुपचूप ११ दिवस उडवले.

---

भोचक

२९ फेब्रुवारीवाले निदान चार वर्षांनी केक कापतात.

बाय द वे, दिवस गायब होणं अजूनही चालू आहे. सामोआ देशात ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार आलाच नाही. व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा मधे. म्हणून रेषेच्या पलीकडे उडी मारली, गुरुवारनंतर थेट शनिवार.

---

चोपडीपूजन

व्यवसायाने सीए, म्हणून माझा वाटा करांचा. इंग्लंडचं आयकर वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. असली विचित्र तारीख का? माहीमताईंनी वर सांगितलंय की त्यांचं जुनं वर्ष २५ मार्चला लागायचं. १७५२ मध्ये ११ दिवस उडाले. खजिन्याने म्हटलं, वर्ष छोटं करून आम्ही महसूल का बुडवू? म्हणून हिशोब ११ दिवस पुढे ढकलून ५ एप्रिल. मग १८०० साल जुन्या पद्धतीत लीप आणि नव्या पद्धतीत नाही, तिथे आणखी एक दिवस, ६ एप्रिल. तेव्हापासून तसंच.

आपलं १ एप्रिल ते ३१ मार्च हे १८६७ पासूनचं, विलायतेतल्या सरकारी हिशोबाशी जुळावं म्हणून. त्याआधी इथलं सरकारी वर्ष १ मेला सुरू व्हायचं. महिनाभर उशिरा! मार्च अखेरीस ऑफिसात बसून हे लिहिताना डोळे पाणावले.

---

काकूबाई कडक

तुम्ही तारखांचं बोलताय, मला वारांचं विचारायचंय. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू... हा क्रम आला कुठून? अंतराचा नाही, आकाराचा नाही, तेजाचा म्हणावा तर तोही नाही.

---

लंबक

काकू, प्रश्न एक नंबर. जुने लोक सात 'ग्रह' (सूर्य-चंद्र धरून) आकाशात ते किती हळू सरकतात त्या क्रमाने लावायचे: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या प्रत्येक तासाला, म्हणजे होरेला, एक ग्रह स्वामी. पहिल्या होरेचा जो स्वामी त्याचं नाव त्या दिवसाला.

आता शनिवारपासून मोजा. २४ ला ७ ने भागलं की बाकी उरते ३. म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली होरा तीन घरं पुढची. शनीपासून तीन पुढे रवी. रवीपासून तीन पुढे चंद्र. चंद्रापासून तीन पुढे (फिरून वरून) मंगळ. बोटांवर करून बघा, सातही वार ओळीने पडतात. दिवसाचे तास २४ नसते तर वारांचा क्रमही हा नसता.

---

काकूबाई कडक

केलं बोटांवर. पडले! आता भिशीच्या ग्रुपवर टाकते.

आणि रविवारचा विषय आहे तर एक नाव इथे यायलाच हवं, नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित करून ती मागितली, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 'सुट्टी इंग्रजांनी दिली' म्हणणाऱ्यांनी आठवण ठेवावी. मागणी सत्यशोधक माणसाची होती.

---

तासगावकर

काकू, हे टाकल्याबद्दल विशेष आभार. म्हणजे ज्या कामगारांनी १९०६ मध्ये घड्याळावरून दगड उचलले, त्यांच्या आधीच्या पिढीने कॅलेंडरातला एक दिवस मिळवलेला होता.

---

उप्साला_उपवासी

सुट्टीवरून आठवलं. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये आठवडाच पाच दिवसांचा केला. कामगारांचे पाच रंगांचे गट, रोज एका गटाला सुट्टी, कारखाना कधीच बंद नाही. नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा हिरवा असेल तर सुट्टीत भेट नाही. नंतर सहा दिवसांचा करून पाहिला. १९४० मध्ये निमूटपणे सात.

---

भोचक

लंबकशेठ, शेवटचा प्रश्न. अणुघड्याळं इतकी अचूक असतात तर मग मधूनमधून एक सेकंद वाढवतात तो कशाला?

---

लंबक

कारण घड्याळ अचूक आहे, पृथ्वी नाही. सीझियम अणूची ९,१९२,६३१,७७० स्पंदनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून. पृथ्वी मात्र भरती-ओहोटीच्या घर्षणाने मंदावतेय, शिवाय अधूनमधून लहरीपणा. म्हणून १९७२ पासून २७ वेळा एक सेकंद जादा घातला. शेवटचा घातला तेव्हा भारतात १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर ५:२९:६० वाजले, मग साडेपाच. संगणकवाल्यांना हा प्रकार डोकेदुखी, त्यामुळे २०३५ पर्यंत तो बंद करायचं ठरलंय.

पृथ्वी मंदावतेय याचा पुरावा प्रवाळात आहे. प्रवाळाच्या सांगाड्यावर रोजची एक बारीक रेघ उमटते आणि वर्षाचा एक जाड पट्टा. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळावर त्या मोजल्या, तर वर्षात ४०० च्या आसपास दिवस निघाले. वर्ष तेवढंच, दिवस २२ तासांचा.

---

संत्र्याची फोड

दोन दिवसांपासून वाचून राहिलो, जबरदस्त धागा. लंबकभाऊ, ते सूर्य डोक्यावर येऊन सावली गायब होते म्हणतात तो दिवस आमच्या नागपुरात कधी असते? बाराला येते का?

---

लंबक

वर्षातून दोनदा, २६ मे आणि १७ जुलैच्या आसपास. जुलैचा ढगात जातो, त्यामुळे मे धरा. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला, म्हणून तुमच्याकडे तो ३९ मिनिटं उशीर नाही, १२ वाजून १०-११ मिनिटांनीच होईल. मुंबईकरांनी १५-१६ मे, पुणेकरांनी १३-१४ मे, कोल्हापूरकरांनी ६-७ मेच्या आसपास बघावं, सगळ्यांना साडेबाराच्या मागेपुढे. सरळ उभी बाटली किंवा नळीचा तुकडा गच्चीवर ठेवायचा. आणि टोपी घालून जा.

---

संत्र्याची फोड

मे महिन्यात नागपुरात, गच्चीवर, बाराला? टोपीनं काय होते भाऊ, दुपट्टा बांधून जा लागते. आणि खिशात कांदा.